अंगठ्याखालची सही

सासर कोल्हापूरचं आहे म्हटलं की लोक तांबडा-पांढरा रस्सा, चपला आणि गूळ आठवून माझा हेवा करतात. त्यांना अण्णांचा अंगठा माहीत नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. निवृत्त झाले तरी परीक्षा घ्यायची खोड गेलेली नाही, आणि पोरं हाताशी नसल्यामुळे आता ते जावई धरतात. जेवणं झाली, सुपारी फिरली, की कपाटावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यात जुनी कॅलेंडरं, दिवाळी अंकांची फाडून ठेवलेली मुखपृष्ठं, संग्रहालयांतली पोस्टकार्डं, कुठल्या कुठल्या पुस्तकांतून कापलेली पानं. अण्णा त्यातलं एक उचलतात, सहीच्या कोपऱ्यावर अंगठा दाबतात आणि ते माझ्या नाकासमोर धरून विचारतात, "हं, जावईबापू. कुणाचं?"

माझी कलेची कारकीर्द सांगतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात आडवे पाडलेले तीनचे आकडे, म्हणजे पक्षी. एलिमेंटरीला सी ग्रेड. ती मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले होते, कारण अपेक्षा त्याहून कमी होती.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला अण्णांनी पहिलं चित्र काढलं. हातात समई धरलेली बाई; दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला केलेला, बोटांच्या फटींतून तांबूस उजेड, चेहराही त्याच उजेडात. हे मी शंभर ठिकाणी पाहिलं होतं. डॉक्टरांच्या प्रतीक्षालयात, साडीच्या दुकानात, एका हॉटेलात तर हात धुवायच्या बेसिनवर. मी आत्मविश्वासानं म्हणालो, "राजा रविवर्मा!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं ते आजही आठवतं. अण्णांनी सावकाश अंगठा उचलला.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर. आपल्या सावंतवाडीचे. तैलरंग वाटतो ना? जलरंग आहे. मूळ चित्र म्हैसूरला, जगनमोहन राजवाड्यात. आणि समई धरून उभी आहे ती त्यांची मुलगी, गीता. "रविवर्मा वारले १९०६ साली, आणि हे आहे चाळीसच्या दशकातलं," अण्णा म्हणाले. "स्वर्गातून काढलं असेल तर तुमचं बरोबर." मग शेवटचा घाव. "आणि त्या बाई इथंच राहतात. कोल्हापुरात." जिच्या गावात दिवाळसण खायला आलो, तिलाच मी दुसऱ्या चित्रकाराच्या घरी पाठवून दिलं होतं. पुढे २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी त्या गेल्याची बातमी मी वाचली, तेव्हा आधी तो दिवाळसण आठवला आणि मग वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला मी सावध. अण्णांनी वीणा वाजवणारी सरस्वती धरली, जवळ मोर. मला कळलं, हा सापळा. रविवर्मा वाटावं म्हणूनच हे काढलंय. मी डोळा बारीक करून म्हणालो, "हळदणकर."

"अहो, हा रविवर्माच की!" अण्णा खरोखर कळवळले. १८९४ साली त्या माणसानं मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, घराघरात देव पोचवले, आणि तुम्ही नेमकं त्यालाच ओळखू नये? सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांच्या देवघरात पण हाच फोटो आहे. मी बघितलाय." म्हणजे आमच्या आईची देवपूजासुद्धा या प्रकरणात ओढली गेली.

मग मी अभ्यासाला लागलो. गाइड वाचून दहावी झालेला माणूस मी, तेव्हा ठोकताळे बनवले. घोडे दिसले की हुसेन. मोठा काळा बिंदू दिसला की रझा. फुलदाणी असली की आरा. चार महिने हे छान चाललं. पण अण्णांनी घोडा काढला आणि त्यावर शिवाजी महाराज बसलेले होते. मी सवयीनं "हुसेन" म्हणून गेलो. कोल्हापुरात हे बोललो, आणि याच शहरच्या चित्रकार धुरंधरांचं चित्र समोर असताना. त्या दिवशी मला पांढरा रस्सा वाढताना सासूबाईंनी डाव फक्त दाखवला, असं माझं अजूनही मत आहे.

परदेशी चित्रं निघाली की पंचाईत वेगळीच. क्लोद मोने आणि एदुआर माने. दोघं एकाच काळातले, एकाच पॅरिसमधले. अण्णांनी मला खूण सांगून ठेवली होती: "माने आपल्याकडचे, मोने तुमच्याकडचे." मी डोंबिवलीचा. त्यामुळे आमच्याकडचे ते तळ्यातली कमळं काढणारे, आणि कोल्हापूरकडचे ते माणसं काढणारे, असं मी पाठ केलं. ऐन वेळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मोने डोळ्यांसमोर येतात. त्यांचा आणि कमळांचा संबंध लागत नाही आणि मी "माने" म्हणून मोकळा होतो. यात माझी एकट्याची चूक नाही. १८६५ साली पॅरिसच्या सलाँ या मोठ्या चित्रप्रदर्शनात मोनेची समुद्राची चित्रं लागली, तर लोक येऊन अभिनंदन करत होते मानेचं. माने भयंकर चिडला. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या लोकांनाही शून्यच मार्क दिले असते मी."

याच चालीवर मी एकदा हान फान मेखेरेनची गोष्टही सांगून पाहिली. या डच गृहस्थानं सतराव्या शतकातल्या फर्मीर या थोर डच चित्रकाराच्या नावानं नवीच चित्रं रंगवून विकली. ब्रेडियुस नावाच्या नामवंत जाणकारानं १९३७ साली त्यातल्या एकावर अस्सल म्हणून शिक्कामोर्तब केलं. एक चित्र थेट नाझी गोअरिंगकडे गेलं. युद्धानंतर शत्रूला राष्ट्राचा ठेवा विकला म्हणून मेखेरेनला पकडलं, तेव्हा सुटकेसाठी त्याला ओरडून सांगावं लागलं की ते फर्मीरचं नाही हो, माझं आहे! आणि पहाऱ्यात बसून आणखी एक 'फर्मीर' रंगवून दाखवावा लागला. मी म्हटलं, बघा, तज्ज्ञही चुकतात. अण्णा म्हणाले, "तज्ज्ञ चुकला की बातमी होते. तुमची काय होते?"

आता साडू. धाकट्या मेव्हणीचा नवरा, पुण्याचा. त्याच्यासारखा माणूस प्रत्येक घराण्यात एकच असावा अशी निसर्गाची योजना असते. ती आमच्या वाट्याला आली. त्यानं कुठूनसा जोव्हान्नी मोरेल्ली शोधून आणला. हा एकोणिसाव्या शतकातला इटालियन, शिक्षणानं वैद्य. त्याचं म्हणणं, चित्र कुणाचं ते ओळखायचं तर चेहरा आणि भाव बघू नका, ते कोणीही नक्कल करील. कान आणि नखं बघा. तिथं चित्रकाराचं लक्ष नसतं, हात आपल्या सवयीनं चालतो, आणि तिथंच तो सापडतो. (हे त्यानं स्वतःच्या नावानं न छापता एका रशियन टोपणनावानं छापलं. सासऱ्यांना भीत असावा.) तेव्हापासून आमच्या घरी दिवाणखान्यात तीन मोठी माणसं पोस्टकार्डावर वाकून कान मोजतात. अण्णांनी लगेच दीनानाथ दलालांचं दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ काढलं. सुंदर बाई, आणि कानांवर केस सोडलेले. साडू संपला.

संपला असं मला वाटलं, पण तो टेबलाखाली मोबाइल धरून फोटो काढत होता. नेमकं तेव्हा समोर होतं वासुदेव गायतोंडेंचं चित्र. करड्या-पिवळ्या रंगाचे थर, आत खोल काहीतरी तरंगतंय. आकार नाही, शीर्षक नाही, आणि कान तर नाहीच. त्यांच्या अशाच एका चित्राला २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख आले होते. साडूच्या मोबाइलनं क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: पडद्याचं कापड, मीटरला ३४९ रुपये. घाबरून त्यानं तेच वाचून दाखवलं. त्या दिवशी मी दोन वाट्या रस्सा जास्त प्यायलो.

गेल्या दिवाळीत अण्णांनी ट्रंकेच्या तळातून फ्रेमसकट एक चित्र काढलं. जलरंग. तळ्याचा काठ, वाकलेलं झाड, पाण्यावर संध्याकाळ. मी बराच वेळ बघत राहिलो. घाई करावीशी वाटली नाही. मग म्हटलं, "आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान? कोटितीर्थाचं तळं?"

अण्णा हसले नाहीत. साडूनं मोबाइल पुढे केला. मोबाइल म्हणाला, पुष्कर, राजस्थान. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी अंगठा उचलला. खाली काहीच नव्हतं. सही नाही, तारीख नाही, पुसल्याची खूणही नाही.

"जुन्या बाजारात पंधरा रुपयांना घेतलं होतं," ते म्हणाले. "फ्रेमसाठी. तीस वर्षं झाली, फ्रेम रिकामी करायचं होत नाही."

"मग कुणाचं आहे?"

"ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

कुणी काही बोलेना. अण्णांनी ट्रंकेतून भिंग काढून माझ्या हातात दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी कोपरे तपासले, झाडाचं खोड तपासलं. चित्रात माणूस नव्हता, पण काठाला गुडघाभर पाण्यात एक म्हैस उभी होती. साडूनं माझ्या हातातून भिंग ओढून घेतलं आणि तो तिचा कान बघायला लागला.