गोल ठळक अक्षर म्हणजे घासलेले कोपरे नव्हेत

पाट्या, फ्लेक्स आणि पॅकेजिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. गोल टोकांचे ठळक फाँट बालवाडीपुरतेच असतात. ते वेगळे शोधायची गरजही नाही, कोणत्याही बोल्ड, म्हणजे जाड फाँटला गोल कोपऱ्यांचा स्ट्रोक, म्हणजे कडेने फिरणारी रेघ, द्या, काम झालं. पाटी लांबून वाचायची असेल तर फाँटचं सर्वांत जाड वजन, म्हणजे जाडीची सर्वांत वरची पायरी, घ्या. आणि फुकटचा फाँट धंद्याच्या कामाला लावू नका. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, पण सर्वांत जास्त नुकसान स्ट्रोकची युक्ती करते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

स्ट्रोक अक्षराच्या कडेवर बसतो, निम्मा बाहेर आणि निम्मा आत. भरीव अक्षरावर फक्त बाहेरचा निम्मा दिसतो, पण तो पोकळीच्या, म्हणजे अक्षरातल्या मोकळ्या जागेच्याही, चारी बाजूंनी आत शिरतो. समजा, 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषेत ४ पॉइंटची फट आहे. ३ पॉइंटचा स्ट्रोक दिला की दोन्हीकडून दीड-दीड पॉइंट जाऊन उरतो १. छपाईत शाई थोडी पसरली की तोही गेला, आणि 'धन'चं 'घन' झालं. 'भ' आणि 'म'चंही तेच. 'भात' दहा फुटांवरून 'मात' दिसतो. शिवाय स्ट्रोक उभ्या-आडव्या रेषा सारख्याच फुगवतो. सारख्या जाडीची आडवी रेषा डोळ्याला उभीपेक्षा जाड वाटते, म्हणून मुळात ठळक काढलेल्या अक्षरात आडव्या रेषा बारीक ठेवतात आणि रेषा जिथे मिळतात, उदाहरणार्थ 'क'च्या दांड्याजवळ, तिथे आतून खोबण काढतात. ही कोरणी स्ट्रोकला कुठून येणार?

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची टोकं सुटी गोल केली, तर शब्दाच्या माथ्यावर मण्यांच्या माळेसारख्या खाचा पडतात. हे टाळायला शिरोरेषा अक्षराच्या चौकटीबाहेर काढून शेजाऱ्यावर चढवावी लागते. रेषा १२० एकक (फाँट आखण्याचं माप) जाड असेल तर टोकाची त्रिज्या ६०, म्हणजे दोन्ही अक्षरांनी किमान ६०-६० एकक बाहेर यायला हवं. तेव्हाच सांध्यावर पूर्ण जाडी मिळते आणि गोलाई फक्त शब्दाच्या दोन टोकांना दिसते. याच चढवाचढवीमुळे मराठी शब्दाला आउटलाइन दिली की माथ्यावर आडवातिडवा जोड दिसतो, आणि व्हिनाइलच्या चिकट पट्टीतून अक्षरं कापणारा प्लॉटर तर तिथे सरळ ब्लेड फिरवतो. उपाय साधा आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कर्व्हमध्ये करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवा, मग ते एकजीव करायला कोरलमध्ये वेल्ड किंवा इलस्ट्रेटरमध्ये युनाइट मारा, आणि मगच आउटलाइन द्या किंवा कटिंगला पाठवा. क्रम उलटा झाला तर माल वाया जातो.

जाडीचं म्हणाल, तर लांबून वाचली जाते ती पोकळी. 'राष्ट्रीय'मधला 'ष्ट्र', 'सर्वांगीण'मधले रफार आणि अनुस्वार, 'वृद्धिंगत'मधला 'द्ध' यांना उभ्या उंचीत मुळातच कमी जागा असते. सर्वांत जाड वजनात तिथे गोळा होतो. मागून दिवे लावलेल्या पाटीवर उजेड कडांवर सांडतो आणि अक्षर आणखी फुगतं, म्हणून तिथे एक वजन खालचं घ्यावं. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' हा गोल ठळक फाँट आधी एकाच जाड वजनात आला होता. 'बालू २'मध्ये रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशी पाच वजनं आहेत, ती याचसाठी वापरायची.

'बालवाडीपुरतेच' या दाव्याला उत्तर द्यायला फार लागत नाही. व्हीएजी राउंडेड हा गोल टोकांचा फाँट १९७९ मध्ये फोक्सवागनसाठी तयार झाला. मोटारी विकायला. नंतर बरीच वर्षं ॲपलच्या कीबोर्डवरही तीच अक्षरं होती. गोल टोक ही मुळात अवजाराची खूण आहे. ड्राफ्ट्समनच्या स्टेन्सिलमध्ये गोल निबचा पेन फिरला की रेषेचं टोक गोलच येतं. फलकाच्या कामात आजही हेच घडतं. राउटर या कोरीव यंत्राच्या ६ मिमी जाड फिरत्या पात्याने (बिटने) ॲक्रिलिक कापलं तर आतला प्रत्येक कोपरा ३ मिमी त्रिज्येचा होतो. टोकदार फाँटमध्ये मग बाहेरचे कोपरे धारदार आणि आतले बोथट, असं बेंगरूळ अक्षर तयार होतं. गोल फाँटमध्ये हा फरक जाणवत नाही. व्हिनाइलचा टोकदार कोपरा आधी सुटतो, हेही लावणाऱ्यांना ठाऊक असतं. मात्र वकिलाच्या नोटिशीला किंवा बारा पॉइंटच्या सलग मजकुराला गोल फाँट शोभत नाही. तिथे तो नकोच.

फुकट असण्याबद्दल: 'बालू' ओपन फाँट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे. पाटी, पाकीट, ॲप, लोगो, सगळीकडे पैसे घेऊन केलेल्या कामात चालतो. नुसती फाँट फाइल सुटी विकता येत नाही, इतकंच. फाँटची पारख किमतीवरून नव्हे, जोडाक्षरांवरून करा.

छपाईआधी 'दुसऱ्या', 'कर्तृत्व', 'शिष्टमंडळ', 'ध घ भ म' हे टाइप करा आणि प्रत्यक्ष आकाराच्या एक दशांशात छापून हातभर अंतरावरून बघा. मराठीचा देठाचा श आणि पाकळीचा ल येतो का, तेही तपासा. काही फाँटमध्ये ते असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत, आणि पाटीवर हिंदी वळणाचा ल चढून बसतो.