पेलेटला धूर नाही, म्हणून दार लावून झोपायचं?

पाटण तालुक्यातल्या आत्यानं परवा रात्री फोनवर सहज सांगितलं, "शेगडी आता झोपायच्या खोलीत आणलीय बघ. धूरच नाही. दार लावलं की पहाटेपर्यंत ऊब राहते." मी इथं सांगलीत. आधी तिला शेगडी पडवीत न्यायला लावली, खिडकी उघडायला लावली, मग विचारलं की हे कुणी सांगितलं. तिनं 'गॅस विसरा, पेलेट शेगडी घ्या' हा व्हॉट्सॲप मेसेज पुढं पाठवला. भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेलाय. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेली जळणाची गोळी.

त्यातलं सगळ्यांत घातक वाक्य हे: "पेलेटला धूर नसतो, बंद खोलीत रात्रभर निर्धास्त वापरा." धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस उठून दार उघडतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. लाकूड ओंडका असो की गोळी, हवा कमी पडली की हा वायू होतोच. आणि ज्वाळा विझून नुसता निखारा उरला, की तो भरपूर सुटतो. म्हणजे 'आता धूर संपला' म्हणून आपण शेगडी आत घेतो, नेमकी तीच वेळ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये घरातल्या इंधनासाठी मर्यादा ठरवल्या. धुराडं असलेल्या शेगडीतून मिनिटाला ०.५९ ग्रॅम, नसलेलीतून फक्त ०.१६ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. हा हिशेबही हवा खेळत्या स्वयंपाकघराचा आहे, दारं-खिडक्या लावून गोधडीत झोपलेल्या माणसांचा नव्हे. थंड देशांत घरात पेलेट शेगडी असते हे खरं, पण तिची नळी धूर घराबाहेर नेते. मेसेजमधला फोटो तसल्याच शेगडीचा आहे, फक्त नळीचा भाग कापलाय. आत्याच्या शेगडीला खाली पंखा आहे, नळी नाही. या वायूनं डोकं जड होणं, मळमळ, गुंगी हे झोपेत कळणार कसं?

पंख्याच्या शेगडीत कोरडी, चांगली पेलेट चुलीपेक्षा पुष्कळ कमी धूर करते आणि भांडी कमी काळी होतात, एवढं मान्य करते. मेसेजमधलं खरं तेवढंच.

"एक सिलिंडर म्हणजे १५ किलो पेलेट." कसं? किलोभर गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता, किलोभर चांगल्या लाकडी पेलेटमध्ये सुमारे १७. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरला ३८ किलो पेलेट लागते. त्यात शेगडी गॅसपेक्षा जास्त उष्णता वाया घालवते, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त.

"कुठलीही पेलेट चालते, बगॅसची तर फुकटात मिळेल." आपल्याकडचे साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, स्वतःच्याच बॉयलरला जाळतात, फुकट कोण देणार? गिरणीतून निघते तेव्हा तिच्यात निम्मं पाणी असतं, ते वाळवायचा खर्च वेगळा. युरोपात घरगुती शेगडीच्या उत्तम लाकडी पेलेटला राख ०.७ टक्के आणि ओल १० टक्के यापेक्षा जास्त चालत नाही. भाताच्या तुसाची राख १५ ते २० टक्के असते. बॉयलरला ते झेपतं, घरच्या शेगडीची जाळी मात्र भरून जाते, हवा अडते आणि पुन्हा तोच वायू.

चकाकणारी गोळी रसायनाची असते म्हणे. लाकडातलंच लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारा चिकट घटक, उष्णतेनं आणि दाबानं वर येतं, त्याची ती चकाकी. भिजलेली गोळी वाळवून वापरा, हेही चूक. पाणी लागलं की ती फुगून भुसा होते.

घ्यायचीच असेल तर एमआयडीसीतल्या बॉयलरना पांढरा कोळसा (भुशाचे दाबलेले मोठे ठोकळे) आणि पेलेट पुरवणाऱ्यांकडं चौकशी करा. पहिला प्रश्न विचारा, भुसा कशाचा? वखारीतल्या नुसत्या लाकडाचा असेल तर ठीक. फर्निचरच्या कारखान्यातला प्लायवूड-सनमायकाचा असेल तर त्यात डिंक-रसायनं असतात, घरात जाळू नका. आधी पाच किलोच घ्या. गोळी मोडताना कट्‌कन आवाज यायला हवा, पोत्याच्या तळाशी चुरा नसावा आणि पाण्यात टाकली की ती बुडायला हवी. पोतं जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. पाटणच्या पावसात तर नक्कीच.

आत्यानं काल तिच्या पोत्यातली गोळी फोनवर बोलता बोलताच मोडून पाहिली. बोटांत पीठ झालं. पोतं परत द्यायला सांगितलंय. शेगडी पडवीतच आहे, रात्री तिला रजई पुरते.