देशाचं नाव एकटं पाठ करू नका

नमस्कार. मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुमचा आक्षेप असा: फ्रेंचमध्ये 'अमुक ठिकाणी' म्हणायला शहराआधी 'आ', स्त्रीलिंगी देशाआधी 'आँ', पुल्लिंगी देशाआधी 'ओ' असं मी वर्गात सांगितलं, मग कैरो शहर असून 'ओ केर' का, आणि इराण पुल्लिंगी असून 'आँनिराँ' (आँ + इराँ) का? नियम असे फुटणार असतील तर मुलांना सरळ यादीच पाठ करू द्या.

यादीला माझा ठाम विरोध आहे. फ्रेंचमध्ये कैरोचं नाव नुसतं 'केर' नाहीच, 'ल केर' आहे; यातला 'ल' म्हणजे आर्टिकल, इंग्रजी 'द'सारखा शब्द, स्त्रीलिंगी नावाला तो 'ला' होतो. वर्गात मी फळ्यावर 'आ ल केर' लिहितो, मग 'आ ल' पुसून त्या जागी 'ओ' लिहितो, कारण हे दोन शब्द शेजारी आले की त्यांचा 'ओ'च होतो. म्हणजे शहराचा 'आ' गेलेला नाही, 'ओ'च्या पोटात आहे. 'ल आव्र' बंदराचंही तेच. इराणचं नाव स्वराने सुरू होतं, त्यामुळे त्याच्या 'ल'मधला स्वर गळतो. 'ओ' व्हायला अख्खा 'ल' लागतो. तो नाही, म्हणून 'आँ'. मराठी शिकणारा विचारतो, 'कोकणात' तर मग 'देशावर' का? त्याला घाटाची चढण समजावली की ते पुन्हा सांगावं लागत नाही.

एक चूक मात्र माझीच. बेटांना 'आ', असं मी एका ओळीत उरकलं. क्युबा, माल्टा, मादागास्कर यांना आर्टिकल नाही, म्हणून तिथे 'आ'. कॉर्सिका मात्र 'ला कॉर्स', म्हणून 'आँ कॉर्स'. ती ओळ आजच दुरुस्त करतो. इस्रायलला आर्टिकल नसूनही 'आँ' लागतं आणि रेयुनियों बेटाला 'आ ला रेयुनियों' म्हणतात; एवढं मात्र पाठच करावं लागतं.

तुमच्या मुलीने 'आँ मेक्सिक' लिहिलं आणि गुण गेला, याचं खरंच वाईट वाटलं. फ्रेंच नावाच्या शेवटी ई (e) अक्षर दिसलं की देश स्त्रीलिंगी, हा आडाखा बहुतेक ठिकाणी चालतो. मेक्सिको, कंबोडिया, मोझांबिक इथे दगा देतो. तिला वहीत 'मेक्सिक' खोडून 'ल मेक्सिक' लिहू दे, आणि मोठ्याने म्हणू दे: ल मेक्सिक, ओ मेक्सिक, द्यू मेक्सिक. तिसरं म्हणजे 'मेक्सिकोहून'. पुढच्या धड्यात तेच येणार आहे.