"नुसतं खेळवतात आणि बाटवतात" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ऑस्ट्रेलियातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं: चर्चच्या चाइल्डकेअरमध्ये मुलांना काही शिकवत नाहीत, दिवसभर मातीत खेळवतात. 'प्ले-बेस्ड लर्निंग' (खेळातून शिकणं) म्हणजे शिकलेली माणसं ठेवायची नाहीत म्हणून शोधलेली पळवाट. चार वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचता आलं नाही तर ते कायमचं मागे पडतं, आणि आपल्याकडे ज्युनियर केजीतली मुलं वाक्यं लिहितात. गाण्या-गोष्टींतून मुलांना ख्रिस्ती करतात, गुपचूप बाप्तिस्माही देतात. मराठी बोलू देत नाहीत. बीफ खायला घालतात.

एरवी मी असले मेसेज वाचून सोडून देते. हा मात्र सांगलीला माझ्या भाचीच्या सासूबाईंपर्यंत पोचला, त्यांनी काळजीपोटी सुनेला पाठवला, आणि आता भाची साडेतीन वर्षांच्या लेकीचं नाव चर्चच्या सेंटरमधून काढून तिला वर्कशीटवाल्या ट्युशनला घालायला निघाली आहे. लेक तिथे छान रमलेली असताना! सासूबाईंचा मला राग नाही, नातीची काळजी त्यांनी नाही करायची तर कोणी? राग आहे तो हे लिहून सोडून देणाऱ्याचा. मी मेलबर्नच्या पश्चिम भागात एज्युकेटर आहे, म्हणजे चाइल्डकेअरमध्ये मुलांना सांभाळते आणि शिकवते. माझं सेंटर चर्चचं नाही आणि मी ख्रिस्ती नाही. पण रोज जे काम करते त्याबद्दल इतकं खोटं लिहिलेलं बघून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते. चार वर्षांपर्यंत वाचता आलं नाही तर मूल कायमचं मागे. आईबाप घाबरतात ते याच वाक्याला. मेसेजमध्ये याला पुरावा शून्य. उलट बाजूचा पुरावा मात्र आहे. न्यूझीलंडमध्ये मुलं साधारण पाचव्या वाढदिवसाला शाळेत जातात आणि लगेच वाचायला शिकू लागतात. तिथल्याच, रुडॉल्फ स्टायनरच्या पद्धतीने चालणाऱ्या स्टायनर शाळांमध्ये वाचन शिकवायला सुरुवात होते सातव्या वर्षाच्या आसपास. ओटागो विद्यापीठातल्या सेबास्टियन सगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही शाळांतल्या मुलांची तुलना केली. त्यांचा निबंध २०१३ साली छापून आला. अकरा वर्षांच्या सुमारास दोन्ही गटांचं वाचन सारखंच निघालं, आणि उशिरा सुरुवात केलेल्यांना वाचलेलं थोडं जास्तच समजत होतं. आईवडिलांचं शिक्षण, उत्पन्न, घरातलं वाचनाचं वातावरण हे सगळं हिशेबात धरूनही. लक्षात घ्या, तुलना पाच विरुद्ध सात वर्षांची आहे. दोन वर्षं उशीर झालेली मुलंही बरोबरीला आली, आणि हा मेसेज साडेतीन वर्षांच्या मुलीच्या आईला घाबरवतोय.

एक गोष्ट मान्य करते. वाचन आपोआप येत नाही. अक्षरं आणि त्यांचे ध्वनी कुणीतरी नीट, क्रमाने शिकवावेच लागतात. नुसतं पुस्तकांच्या सहवासात ठेवलं की मूल वाचू लागतं असं म्हणणारेही चूकच. पण ते काम शाळेचं आहे आणि शाळा ते करते. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी शाळांत २०२५ पासून प्रेप (पहिलीच्या आधीचं शाळेचं वर्ष) ते दुसरीच्या मुलांना रोज किमान २५ मिनिटं फोनिक्स, म्हणजे अक्षरं आणि ध्वनींची सांगड, शिकवायचं ठरलंय. ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण होत असतील तर त्या वर्षी मूल प्रेपला जाऊ शकतं, सक्ती तर सहाव्या वर्षापासून आहे. प्रेपच्या बाई वाचता येणारं मूल मागत नाहीत. त्यांना हवं असतं सूचना ऐकून घेणारं, आपला नंबर येईपर्यंत थांबणारं, डबा स्वतः उघडणारं, आणि काही हवं असेल तर न रडता सांगणारं मूल.

हे सगळं खेळातूनच येतं. आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. चार वर्षांचा एक मुलगा उपड्या क्रेटमागे दुकान मांडून बसलेला. माल म्हणजे युकॅलिप्टसची बोंडं आणि खडे. समोर तराजू. गिऱ्हाईक आलं, दहा बोंडं मागितली. याने एकेक बोट लावत मोजली, आठवर अडला, पुन्हा पहिल्यापासून मोजली, दोन वाढवली. मग खड्यांशी तोलायला गेला तर पारडं काही बरोबर येईना. मी शेजारी बसून एवढंच विचारलं, "कुठली बाजू जड आहे, कशावरून सांगतोस?" त्याने खडा काढला, परत ठेवला, शेवटी लहान खडा शोधून आणला. गिऱ्हाइकाने बिल मागितलं. याने कागदावर डावीकडून उजवीकडे नागमोडी रेघा ओढल्या आणि खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. एका वस्तूला एक आकडा, वजनाची तुलना, लिहिलेल्याला अर्थ असतो आणि ते एका दिशेने जातं ही जाणीव, वर समोरच्याशी घासाघीस. दुसऱ्या दिवशी मी तिथे किमतीच्या चिठ्ठ्या आणि सुपरमार्केटच्या खऱ्या पावत्या ठेवल्या. त्या मुद्दाम ठेवल्या, कारण पुढची पायरी आकडे ओळखण्याची होती. यातलं त्याला वीस वेळा 'ए' गिरवून काय मिळालं असतं? या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती भरलेली नसतात. कणीक मळणं, चिमटे लावणं, मणी ओवणं हीच लिहिण्याची तयारी.

आपल्याकडे असलं काही नसतं, हा मेसेजचा सूर तर मला फार लागला. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काय केलं, ते महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला ठाऊक नसावं? १९४५ पासून बोर्डीत बालवाड्या, अंगणात भरणारी अंगणवाडी, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. साधनं काय, तर पानं, बिया, शिंपले, माती. भारत सरकारचा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ साली आला, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. त्यातही खेळ मध्यभागी आहे. ज्युनियर केजीत वाक्यं लिहून घेणाऱ्या शाळा स्वतःच्या देशाच्या धोरणाविरुद्ध वागताहेत.

शिकलेली माणसं नसतात, हे तर उघड खोटं. चर्च असो, काउन्सिल असो की खासगी कंपनी, सगळ्यांना कायदा एकच. ऑस्ट्रेलियात देशभर २००९ पासून अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्क, म्हणजे शाळेआधीच्या मुलांसाठीचा आराखडा, आहे, २०२२ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि व्हिक्टोरियाचा स्वतःचा आराखडाही त्याच धर्तीचा आहे. खेळातून शिकणं तिथूनच आलंय, बायबलमधून नाही. व्हिक्टोरियात तीन वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एक एज्युकेटर लागते, त्यावरच्या दर अकरा मुलांमागे एक. निम्म्या एज्युकेटर डिप्लोमावाल्या किंवा डिप्लोमा करत असलेल्या लागतात.

आता धर्म. इथे जरा थांबते, कारण ही भीती हवेतून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात शाळा काढल्या तेव्हा धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता, आणि त्यावरून घराघरांत वादळं झाली. ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या उतरते. हेही कबूल करते की चर्चच्या सेंटरमध्ये जेवणाआधी प्रार्थना होऊ शकते, नोहाच्या नावेची गोष्ट सांगतात, नाताळात येशूजन्माचा देखावा असतो. कुठे कमी, कुठे जास्त. ज्यांना ते नकोच असेल त्यांनी दुसरं सेंटर बघावं, त्यात गैर काही नाही. पण 'गुपचूप' कसलं? प्रत्येक सेंटरला आपलं तत्त्वज्ञान लेखी मांडावं लागतं. ते नाव घालण्याआधी मागून वाचता येतं. मूल आत असताना आईबापांना कधीही आत यायची मुभा नियमानेच आहे, फोन न करता, सकाळी दहाला नाहीतर दुपारी दोनला. अशा जागी चोरून काय करणार? आणि बाप्तिस्मा! कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात बाळाच्या बाप्तिस्म्याला निदान एका पालकाची संमती लागते. डायपर बदलता बदलता कुणी धर्म बदलत नाही हो.

खेळ हेच धर्मांतराचं साधन आहे म्हणणाऱ्याला इतिहासही माहीत नाही. किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल पाद्र्याचा मुलगा. तरी १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, मुलं नास्तिक होतील म्हणून. ती बंदी १८६० पर्यंत टिकली. तीच पद्धत पंडिता रमाबाई अमेरिकेत शिकल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. रमाबाई ख्रिस्ती होत्या, शारदा सदनावरून धर्मांतराचा वाद पेटलाही. पण त्या वादात बोट ठेवलं गेलं ते प्रार्थनेवर आणि बायबलवर. मुलांच्या हातातल्या ठोकळ्यांवर नाही.

मराठी बोलू देत नाहीत? फ्रेमवर्क नेमकं उलट सांगतं, घरची भाषा हा मुलाच्या ओळखीचा भाग आहे, ती जपा. नाव घालतानाच्या फॉर्मवर घरी बोलली जाणारी भाषा विचारतात ती त्यासाठीच. आमच्याकडे 'शिवाजी म्हणतो' खेळताना व्हिएतनामी मुलंसुद्धा 'हात वर' म्हटल्यावर हात वर करतात. मूल घरी मराठी बोलेनासं झालं असेल तर घरात आपण काय बोलतो ते आधी बघा.

बीफचं एका ओळीत: धर्म, संस्कृती आणि प्रकृती बघूनच मुलाला खायला द्यायचं हा लेखी नियम आहे, फॉर्मवर 'बीफ नको' लिहा.

सगळी सेंटरं चांगली आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. भिंतीवर 'प्ले-बेस्ड' लिहून मुलांना नुसतं मोकळं सोडणारी मीही पाहिली आहेत. तिथे एज्युकेटर कोपऱ्यात उभ्या असतात आणि तीच तुटकी खेळणी महिनोन्‌महिने फिरत राहतात. मेसेजमधला तेवढाच भाग खरा, आणि त्याचा चर्चशी काही संबंध नाही.

तेव्हा भाचीला माझं सांगणं हे. ट्युशनचे पैसे भरण्याआधी एकदा न सांगता सेंटरमध्ये जा आणि तासभर बस. दारातच दर्जाचं रेटिंग लावलेलं असतं, 'मीटिंग' (निकष पूर्ण) आहे की 'वर्किंग टुवर्ड्स' (अजून कमी पडतंय) ते बघ, आणि दुसरं असेल तर कशात कमी पडले ते विचार. तुझी लेक खेळत असताना तिच्याशी कुणी बोलतंय का, काय विचारतंय, त्यावरून उद्या नवीन काही मांडतंय का ते बघ. कुणी बोलत नसेल तर खुशाल नाव काढ, मी स्वतः दुसरं सेंटर शोधायला येईन. आणि सासूबाईंना हे सगळं वाचून दाखव.