वॉरंट आपोआप बाद होत नाही!

आज एसटी स्टँडवर शेजारच्या बाकावरचा एक माणूस फोनवर कोणाला तरी सांगत होता, "तीन वर्षं गावाकडं फिरकू नको, वॉरंट आपोआप बाद होतंय." डोकंच सणकलं.

नाही होत! तीन वर्षांची मुदत असते ती प्रकरण कोर्टात जाईपर्यंतची. तीही तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच. खून, दरोडा यांना मुदतच नाही. कोर्टाने एकदा दखल घेतली की मुदतीचा विषय मिटला. वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट स्वतः रद्द करेपर्यंत ते कायम. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ७० होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ७२. बाकी फरक शून्य.

माझ्या आत्याचे यजमान टेम्पोच्या धडकेत गेले. निष्काळजीपणाने मृत्यू, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत.) ड्रायव्हर जामिनावर सुटला, एक-दोन तारखांना आला आणि गायब. अजामीनपात्र वॉरंट निघालं. दर तारखेला तोच शेरा: 'सदर इसम दिले पत्त्यावर मिळून आला नाही.' आत्याला तो तोंडपाठ झालाय. आणि हा 'मिळून न येणारा' इसम जत्रेत पालखीला खांदा देताना आमच्याच लोकांनी पाहिला! पोलिसांना कळवलं तर म्हणे, आता कुठे आहे ते सांगा. शोधायचं काम आत्याचं का?

हवालदाराचेही हाल आहेत, मान्य. बंदोबस्त त्यानेच करायचा, समन्स-वॉरंटही त्यानेच. आमच्याकडे यायचा तो बिचारा आत्याच्या नजरेला नजर देत नसे. त्याच्यावर राग नाही माझा.

आणि हो, ज्याला समन्स खरंच पोचलं नाही, तो वीस वर्षांनी पकडला गेला तर अन्याय होतो. त्याने वकिलामार्फत स्वतःहून हजर व्हावं, वॉरंट रद्द करून घ्यावं. पण जामिनावर सही करून पळालेल्याला कसली सहानुभूती? पाच-सात वर्षांत साक्षीदार म्हातारे होतात, गाव सोडून जातात. पळणारा त्याचीच तर वाट बघत असतो.

पुढच्या तारखेला आत्याबरोबर मी जाणार आहे. सरकारी वकिलांना सांगणार, फरारी म्हणून जाहीरनामा काढायला लावा, मालमत्तेवर टाच आणा. आणि जो जामीन राहिला होता त्याला आधी कोर्टात उभा करा, रक्कम भरायची वेळ आली की पत्ता बरोबर आठवेल. यादीत कोणी फौजदारीचे वकील असतील तर अर्जाचा मसुदा एकदा बघून द्या, इनबॉक्समध्ये पाठवते.