खुलासा : 'हिमालयासाठी नेहमी ए सीट' हा मेसेज अर्धवट आहे

दिवाळीच्या सुट्टीतल्या दार्जिलिंग-सिक्कीम सहलींमुळे सध्या एक मेसेज फिरतोय : 'विमानातून हिमालय बघायचा तर कोणत्याही फ्लाइटला ए सीट घ्या.' हे निम्मंच खरं आहे.

ए म्हणजे डावी खिडकी, एफ उजवी. दिल्लीहून बागडोगऱ्याला (दार्जिलिंग-सिक्कीमसाठी उतरायचा विमानतळ) विमान पूर्वेकडे जातं, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. तिथे ए बरोबर. येताना मात्र तीच पर्वतरांग उजवीकडे येते, तेव्हा एफ. परतीलाही ए घेतलीत, तर दोन तास गंगेचं मैदान बघत बसाल (तेही वाईट नाही म्हणा). कोलकात्याहून विमान जवळपास सरळ उत्तरेला जातं, त्यामुळे ८,५८६ मीटरचं कांचनगंगा नाकासमोर असतं. तिथे बाजूचा नियम लागूच होत नाही. उतरताना विमान कसं वळतं त्यावर सगळं. लेहला जाताना डोंगर दोन्हीकडे दिसतात.

बाजू बरोबर असूनही रांग चुकते, ती जास्त. एअरबस ए३२० मध्ये साधारण १० ते २० रांगांतून खाली बघितलं की पंखच दिसतो. त्याच्या लगेच मागे इंजिनाच्या गरम हवेने दृश्य थरथरतं, फोटो बिघडतात. अगदी पुढची किंवा पंचविशीनंतरची रांग बघा. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे डावीकडे एका रांगेला खिडकीच नसते, कारण भिंतीतून एसीची नळी जाते. सीट मॅप तपासूनच पैसे भरा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवायचाच असेल, तर 'जाताना ए, येताना एफ, फक्त दिल्ली-बागडोगरा' एवढं लिहून पाठवा.