फिफ्टी नाईन, ट्वेंटी टू

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जगभरचे हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणारे लोक, 48 तास एकमेकांना हाका मारत बसतात. याला सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स कॉन्टेस्ट म्हणतात. ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरुवात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. नरकचतुर्दशीला हाका मारूनही न उठणारे आमच्या क्लबचे मेंबर त्या वेळी हेडफोन चढवून बसलेले असतात. अंघोळ अर्थातच नाही.

शहरात हे जमत नाही. दिवाळीच्या सुमारास बाल्कनीबाल्कनीतल्या एलईडी माळा रेडिओत अशी खरखर करतात, की ब्राझील सोडाच, बारामतीही ऐकू येत नाही. म्हणून यंदा मुळशीकडचं एका मेंबरचं फार्महाऊस गाठलं. तिथल्या केअरटेकरमामांनी पाहुणे येणार म्हणून हौसेने आंब्याला रोषणाई केली होती. आमच्या डायपोलचं, म्हणजे तारेच्या अँटेनाचं, एक टोक त्याच आंब्याला बांधायचं होतं. मामांचं मन न मोडता माळा उतरवण्यात शुक्रवारची संध्याकाळ गेली.

स्पर्धेत बोलायचं काय? सिग्नलचा रिपोर्ट आणि आपला झोन, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या आपल्या विभागाचा नंबर. भारत झोन 22 मध्ये. रिपोर्ट खरा द्यावा अशी भाबडी अपेक्षा कुणाचीच नसते. सगळ्यांना सरसकट फिफ्टी नाईन, म्हणजे 'खणखणीत ऐकू येताय'. एका फिनलंडवाल्याला मी कॉलसाइन, म्हणजे त्याच्या स्टेशनचं अक्षरी नाव, पुनःपुन्हा विचारला, घसा बसला, शेजारच्याने कान लावला, शेवटी अंदाजपंचे अक्षरं जुळली. त्यालाही "यू आर फिफ्टी नाईन!" लग्नात मठ्ठा कितीही आंबट असला तरी यजमानांना "जेवण फर्स्ट क्लास" म्हणतोच की आपण.

सकाळी जपान उघडला, म्हणजे तिथले आवाज ऐकू येऊ लागले. जपानी ऑपरेटर काय शिस्तीचे! आपण ज्याला बोलावू तोच बोलणार, बाकीचे गप्प. आपल्या एसटी स्टँडवर हे दृश्य दाखवायला हवं. पण खंड एकच, त्यामुळे माणशी एकच गुण. दुपारनंतर युरोप आला, माणशी 3 गुण, आणि शिस्त संपली. सगळे एकदम ओरडतात, त्यात एक इटालियन असा की बाकीचे गप्प झाले तरी तो चालूच.

मध्ये बायकोचा फोन. "एवढ्या देशांशी बोललात, काय म्हणतायत लोक?" काय सांगणार? हवामान नाही, नाव नाही, गाव नाही. सगळे फिफ्टी नाईन आहेत.

रविवारी रात्री 40 मीटरवर, म्हणजे त्या तरंगलांबीच्या बँडवर, चांगली रांग लागलेली असताना ओळखीचा आवाज घुसला. क्लबचे सर्वांत ज्येष्ठ काका, कोथरूडहून. "काय रे पोरांनो, जेवलात का? चकली पाठवली होती, कुरकुरीत राहिली का? मामांना दिलीत ना?" कॅप्टन घामाघूम. तिकडे मोरोक्को वाट बघतोय, आणि आपल्याच देशातल्या माणसाचे गुण शून्य. भारत मल्टिप्लायर (प्रत्येक बँडवर नव्या देशामागे मिळणारा गुणक) म्हणून त्या बँडवर आधीच खात्यात पडलेला.

"काका, फिफ्टी नाईन, ट्वेंटी टू!" कॅप्टन कळवळून म्हणाला.

"ते असू दे," काका म्हणाले, "चकलीचं सांग."